जमिनीवरच्या वाचकास

४ जून

जमिनीवरचे वाचक,
टपाल पेटी क्रमांक ११८ यांस

सप्रेम नमस्कार.

आज शनिवार. सकाळी साडेसहाला उठले. भाड्याने आणलेली चाकांची खुर्ची परत न्यायला माणूस आला, त्याला ती जिना उतरवायला मदत केली. दहा वाजता उरलेली औषधं घेऊन औषधवाल्याकडे गेले. फोडलेली पाकिटं तो परत घेत नाही, ती घरी आणली. दुपारी कपाटातले वरचे दोन खण आवरले. आता पत्रं लिहायला बसले आहे, त्यातलं हे चौथं.

कळवण्याचं कारण, माझे वडील बुधवारी, १ जूनला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वारले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर आले तेव्हा सगळं संपलं होतं. २६ एप्रिलला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. त्यानंतर ते छत्तीस दिवस होते.

रविवारच्या अंकातल्या त्यांच्या सदराचे तुम्ही जुने वाचक. इंग्रजीतले रोजचे शब्द जहाजावरून जमिनीवर कसे आले, याबद्दल तुमचा आणि त्यांचा बराच पत्रव्यवहार होता, एवढंच मला माहीत आहे. त्यांची पत्रं मी कधी वाचली नाहीत. दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. पण टपाल हातात दिलं की ते आधी विचारायचे, ‘जमिनीवरच्याचं काही?’ असलं तर बाकीची पत्रं संध्याकाळपर्यंत पडून राहायची.

मे महिन्यात तुम्हाला एक कार्ड मिळालं असेल. ‘सदर बंद झाले आहे. यापुढे कृपया पत्र पाठवू नये.’ त्याखाली वडिलांच्या नावाचा रबरी शिक्का होता. ते मी टाइप केलं होतं. त्या दिवसांत सात वाचकांची पत्रं आली होती. सगळ्यांना मी एकच मजकूर पाठवला. कोरडा वाटला असेल तर माफ करावं. मला लिहिण्याची सवय नाही. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते.

तुमची पत्रं त्यांनी वेगळ्या फाइलीत जपून ठेवली आहेत. परत हवी असल्यास कळवावं.

कळावे.

६ जून

धाकट्या,

त्याच पेटी क्रमांकावर हे दुसरं पत्र. पहिलं तुला मिळालं असेल, तर बाबा गेल्याचं तुला माझ्याकडून ‘सप्रेम नमस्कार’ आणि ‘कळावे’ यांच्या मध्ये कळलं असेल. मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून फाडलं, कारण ते सबबीसारखं दिसतं. पण तेच खरं आहे. मला माहीत नव्हतं.

काय झालं ते क्रमाने लिहिते. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला आज लिहिता येणार नाही.

काल, रविवारी, वर्तमानपत्राचे उपसंपादक आले. बाबांचं सदर तेच बघायचे. पायातले बूट काढायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि तेवढ्यात त्यांचं बोलणं सुरूही झालं होतं.

‘तुमचे वडील म्हणजे काय सांगू ताई, वस्तादच. ‘अलूफ’वरच्या लेखातून मी एक स्वल्पविराम काढला, तर तीन आठवडे माझ्याशी फोनवर फक्त ‘बरं’ म्हणत होते.’

मी म्हटलं, ‘घरीही तसेच होते.’

‘चांगला लेख होता पण. वारा जहाजाला खडकांकडे ढकलत असला की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवून किनाऱ्यापासून लांब राहायचं, त्या हुकमावरून अलूफ, म्हणजे चार हात लांब राहणारा. मला म्हणाले, आमच्या घरात एक चालतं-बोलतं उदाहरण आहे. चार पाहुणे आले की स्वयंपाकघरात नांगर टाकते.’

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की बुधवारनंतर मी पहिल्यांदाच हसत होते, आणि ते बाबांच्याच विनोदावर.

त्यांना शेवटचा लेख हवा होता. तो टाइपरायटरमध्येच होता. झटका आला त्या सकाळपासून तो कागद मी वाचला नव्हता. शब्द होता ‘टेकन अबॅक’. बाबांनी लिहिलं होतं, की वारा मागून येतोय म्हणून शिडं भरलेली असतात, आणि मग तो एकाएकी फिरतो आणि समोरून येतो. शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जातात. भर वेगातलं जहाज जागच्या जागी थांबतं आणि मागे सरकू लागतं. अशा वेळी सुकाणूवरचा माणूस काय करतो, तर

इथे कागद संपत नाही, पण लेख संपतो.

‘काय करतो?’ उपसंपादकांनी विचारलं.

‘मला काय माहीत?’

‘अहो, बोटीवाल्याच्या घरातल्या तुम्ही!’

‘मी चष्म्याच्या दुकानातली.’

ते म्हणाले की बाबांचे एक जमिनीवरचे वाचक आहेत, त्यांनीच या शब्दाबद्दल मागे लिहिलं होतं, त्यांच्या पत्रात उत्तर असेल, बघा. म्हणून मी तुझी फाइल काढली. उत्तर होतं. मागच्या मार्चच्या पत्रात तू लिहिलं आहेस, की जहाज मागे जायला लागलं की सुकाणू नेहमीच्या उलट फिरवायचं, कारण आता पाणी उलट्या बाजूने येतं. मी ते वाचून दाखवलं. उपसंपादकांनी उतरवून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, ‘कर्टनचं पत्रही यातच असेल, नाही का?’

‘कसलं पत्र?’

‘नऊ वर्षं झाली. त्या एका लेखापायी मी नोकरीवरून जायचा राहिलो. तुमच्या वडिलांचा नियम तुम्हाला माहीतच आहे. चूक झाली की पुढच्या रविवारी ठळक अक्षरांत चुकलो म्हणून छापायचं. ‘पॉश’ म्हणजे बोटीच्या सावलीकडच्या बाजूची महागडी तिकिटं, असं त्यांनी लिहिलं होतं. याच वाचकांनी कळवलं, की पी-ओ-एस-एच असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, ती निव्वळ दंतकथा आहे. तुमच्या वडिलांनी पुढच्या आठवड्यात छापलं, मी थापेला बळी पडलो. इतका सरळ माणूस! आणि कर्टनच्या वेळी बारा वाचकांची पत्रं आली, मी स्वतः कोश उघडून फोनवर वाचून दाखवला, की शब्द लॅटिनमधून आलाय, जहाजाचा काही संबंध नाही. तर म्हणाले, कोश चुकलाय.’

‘बाबा म्हणाले?’

‘कोश चुकलाय. आणि फोन ठेवला.’

ते गेल्यावर मी ते पत्र शोधलं. तुझी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली आहेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाबांची पेन्सिल आहे. पहिल्यावर लिहिलंय, ‘कोण?’ दुसऱ्यावर, ‘अभ्यासू आहे. जरा उर्मट.’ तिसरं पत्र कर्टनचं. कॅप्टन कर्टन समुद्राला भ्यायचा, म्हणून त्याने आपल्या केबिनच्या गोल खिडकीवर कापड टांगलं, आणि खलाशी पुढे कुठल्याही खिडकीवरच्या कापडाला त्याच्या नावाने ओळखू लागले. तू लिहिलं आहेस की ही गोष्ट तू लहानपणी ऐकली, पुस्तकाचं नाव आठवत नाही.

त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चार ओळी आहेत. जशाच्या तशा उतरवते.

‘ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. मी लाँचवर बसल्या बसल्या रचली होती. ऐकणारे दोघेच होते. एक आत्ता स्वयंपाकघरात आहे.
विचारायचं नाही. विचारलं तर लिहिणं बंद करेल.’

मी स्वयंपाकघरात होते, धाकट्या. नऊ वर्षांपूर्वी त्या दुपारी मी काय करत होते ते मला आठवत नाही. भांडी घासत असेन. बाबा बाहेरच्या खोलीत हे लिहीत होते आणि मी आत होते.

लाँच मला आठवते. तू सहा वर्षांचा, मी अकराची. बाबा रजेवर आले होते आणि बंदर दाखवायला घेऊन गेले होते. तू दोनदा ओकलास आणि खिडकीकडे बघेनास. बाबांनी आपला शर्ट काढून खिडकीला अडकवला आणि कॅप्टन कर्टन सुरू केला. तू विचारलंस, ‘तो एवढा भित्रा, तर कॅप्टन कसा झाला?’ बाबा म्हणाले, ‘भित्रा होता म्हणूनच झाला. न भिणारे लवकर बुडतात.’ हे मात्र तुझ्या पत्रात नाही.

रात्री आत्याचा फोन आला. बुधवारी ती सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, ‘धाकट्याला कळवलंस?’ मी म्हटलं, ‘पत्ता नाही.’ ती म्हणाली, ‘पत्ता नाही म्हणजे तू शोधला नाहीस.’ काल तिला सांगितलं की पत्ता घरातच होता. नऊ वर्षांत बाबांच्या पत्रांच्या पाकिटांवर तो टाइप करायला कितीतरी वेळा मीच बसले होते.  ती म्हणाली, ‘तुझा बाप मेल्यावरसुद्धा सरळ वागायचा नाही.’ आणि रडायला लागली.

आज दुकानात मी एकाची भिंगं उलटसुलट बसवली. उजव्याचं डाव्यात. सतरा वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक घालून आरशात बघत होतं आणि म्हणत होतं, ‘बाई, जमीन वर आलीय.’ मालकांनी मला घरी पाठवलं.

तू घर सोडून गेलास त्याला एकोणीस वर्षं झाली. ट्रेनिंगच्या जहाजावरून अकरा आठवड्यांत परत आलास आणि बाबा म्हणाले, पळपुट्यांना या घरात जागा नाही. मी तुझी बॅग भरून दारात ठेवली. बाबांनी सांगितलं होतं म्हणून. तेवढ्यावरून तू मलाही सोडलंस.

तुला हे कळावं म्हणून लिहिते आहे, की त्यांनी तुला ओळखलं होतं. तिसऱ्याच पत्रात.

आणखी एक. मे महिन्यात तुझं एक पत्र आलं होतं. ते कपाटात आहे. ते उघडलेलं नाही.

७ जून

धाकट्या,

पत्र उघडलं.

दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही, म्हणून काल संध्याकाळपर्यंत ते टेबलावर ठेवून मी त्याच्यासमोर बसले होते. मग विचार केला, की माझ्याशिवाय आता ते उघडणारं कोणी नाही. चाकूने कापलं. फाडलं नाही.

पहिला शब्द ‘बाबा’ आहे.

तो वाचून मी उठले आणि गॅस चालू आहे का ते बघून आले. बंद होता. परत येऊन बसले आणि पुढचं वाचलं. नंतर पुन्हा उठले.

तर, त्यांनी ओळखल्याचं तुला आधीच माहीत होतं. तू लिहिलं आहेस की कर्टनची गोष्ट मुद्दाम टाकली होतीस, बाबा ओळखतात का ते बघायला. आणि लेख छापून आला तेव्हा त्याच्या शेवटी एक ओळ जास्तीची होती, जी लाँचवर नव्हती आणि तुझ्या पत्रातही नव्हती. आज मी ते कात्रण शोधून वाचलं. ‘कॅप्टन समुद्राला भ्यायचा, त्यात त्याचा काही गुन्हा नव्हता. हे त्याच्या घरातल्या म्हाताऱ्याला फार उशिरा समजलं.’ तू लिहिलं आहेस की तो कागद तू पाकिटात घालून फिरतोस आणि घडीवर फाटला तेव्हा मागून पट्टी लावलीस.

म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तुला माहीत होतं. नऊ वर्षं तुम्ही दोघं ‘टच अँड गो’ आणि ‘ओव्हरहॉल’ यांबद्दल एकमेकांना लिहीत राहिलात. तळाला घासून जहाज निसटतं, दोर सैल करून पुन्हा ओढायचा. मी दर पंधरा दिवसांनी तुमची पाकिटं टपालात टाकत होते. घरात माहीत नसलेली मी एकटी. मला याचा राग आला असं नाही. काय आलं ते मला सांगता येत नाही. आज सकाळी मी दात घासायच्या ब्रशवर बाबांचं मलम लावलं.

आता पुढचं. तू लिहिलं आहेस, ‘दोन रविवार लेख नाही. तुम्ही आजारी असाल असं वाटतं. शब्दांच्या आडून बोलणं आता पुरे. बावीस तारखेला, रविवारी मी येऊ का? ये म्हणायचं असेल तर नुसतं कोरं कार्ड टाका. नको असेल तर तसं लिहा. समजेन.’

पत्रावर तारीख ९ मे. आमच्याकडे आलं १२ मे ला. १४ मे ला मी टाइपरायटरवर बसले. त्यातला बाबांचा कागद जपून काढला आणि सातही कार्डं झाल्यावर तसाच परत लावला. ‘यापुढे कृपया पत्र पाठवू नये.’ खाली शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळली होती, म्हणून दोनदा दाबून मारला, नीट उठावा म्हणून.

तू कोरं कार्ड मागितलंस आणि मी तुला ते शिक्क्याचं पाठवलं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. हे मी शपथेवर लिहिते. त्यांची वाचा गेली होती, पण रोज साडेअकराला, टपालाच्या वेळी, ते दाराकडे बघायचे. मी म्हणायचे, ‘काही नाही बाबा.’ मला वाटायचं की वाचकांची पत्रं बघून त्यांना त्रास होईल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनावर ताण नको. १२ तारखेलाही ते दाराकडे बघत होते आणि पत्र माझ्या हातात होतं. मी ते पदराआड धरलं आणि म्हटलं, ‘काही नाही.’

काल मी एक खोटं लिहिलं. जहाजाच्या लॉगबुकात चूक झाली तर खोडरबर चालत नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि बाजूला सही करायची, असं बाबा सांगायचे. म्हणून ते पत्र तसंच राहू दे आणि हे त्याच्या बाजूला धर. बॅग भरायला मला बाबांनी सांगितलं नव्हतं. ते नुसते ओरडत होते. तासाभरात शांतही झाले असते, ते असे किती वेळा ओरडले होते. मला आवाज सहन होत नव्हता. घरातलं ते सगळं लवकर मिटावं म्हणून मी आत जाऊन तुझी बॅग भरली, कपडे इस्त्रीच्या घडीवर लावले आणि दारात आणून ठेवली. बाबांनी ती बघितली आणि ते गप्प झाले. तू बघितलीस आणि तूही गप्प झालास. त्यानंतर कोणालाच मागे फिरता आलं नाही.

मी दोन्ही वेळा टापटीप केली.

तुझ्या घराचा पत्ता मला माहीत नाही, फोन नंबर माहीत नाही. तू जमीन मोजणीचं काम करतोस हे मला याच पत्रातून कळलं. ‘मी जमीन मोजतो, त्यामुळे सहीसाठी टोपणनाव फार शोधावं लागलं नाही,’ असं तू बाबांना गमतीने लिहिलं आहेस. लग्न केलंस की नाही, तेही मला माहीत नाही. मी या पेटीवर लिहीत राहीन. तू पेटी उघडायचं बंद केलं असशील तर ती भरून जाईल, मग टपालवाले तरी मला कळवतील.

१९ जून

धाकट्या,

तुझं पत्र काल दुपारी, मी जेवायला घरी आले तेव्हा आलेलं होतं. हाताने लिहिलेलं आहे, आधीच्यांसारखं टाइप केलेलं नाही. ‘र’ अजूनही तसाच काढतोस.

सहा ओळी आहेत. मी त्या परत दुकानात जाऊन, भिंगं घासायच्या यंत्राशी उभी राहून वाचल्या. यंत्र चालू होतं. मालक ओरडले, ‘अहो, काच गेली!’ आणि खरंच गेली होती.

तू लिहिलं आहेस की कार्ड मिळालं तरी तू बावीस तारखेला आला होतास. साडेतीन ते पाच समोरच्या टायरच्या दुकानाच्या पायरीवर बसलास, रविवारचं ते बंद होतं. कार्ड खिशात होतं. बाबा खिडकीत बसलेले दिसले, फार वाळलेले. त्यांनीही तुला बघितलं. त्यांनी हात वर केला आणि तसाच धरला. तुला वाटलं ते ‘जा’ म्हणताहेत, कारण कार्डावरही तेच होतं. म्हणून तू गेलास. शेवटची ओळ, ‘यापेक्षा जास्त आत्ता लिहिता येत नाही.’

तुला लिहिता येत नसेल तर नको लिहूस. मी लिहिते. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, कारण त्या दिवशी मी आजाराची वही भरत होते. ती माझ्यासमोर आहे.

बावीस मे. साडेतीनला त्यांना खुर्चीत बसवून खिडकीशी आणलं. पावणेचारला अर्धा कप दूध. चार वाजता आवाज करायला लागले. तोंडातून शब्द येत नसे, नुसता ‘आ’. डावा हात वर. मी आतून आले. पाणी दिलं, घेतलं नाही. उशी सारखी केली. पुन्हा हात वर. मी म्हटलं, ‘बाबा, काय हवंय?’ त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, बाहेर बघत होते. मी बाहेर बघितलं. रस्ता होता. पायरीवर कोणी माणूस बसलेला होता, डोक्याला टोपी. मी त्याला बघितलं, धाकट्या. चष्म्याच्या नंबरांत माझं आयुष्य गेलं, आणि मी तुला बघून ओळखलं नाही.

साडेचारला ते काचेवर हात मारायला लागले. मला वाटलं कळ येते आहे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अस्वस्थ झाले तर झोपेची अर्धी गोळी द्या. मी चमच्यात चुरून दिली. ते तोंड उघडेनात. मी रागावले. म्हटलं, ‘असं काय लहान मुलासारखं करता?’ मग त्यांनी घेतली. पाच वाजता हात वर होता, सव्वापाचला खाली आला. वहीत मी लिहिलंय, ‘५.१५ शांत.’

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही. काल तुझं पत्र येईपर्यंत मला हे सांगण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं.

पण एक गोष्ट मला माहीत आहे आणि ती माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. झटक्यानंतर बाबांकडे दोनच खुणा उरल्या होत्या. ‘नको’ म्हणायचं असलं की ते डोळे मिटायचे. दूध नको, डोळे मिटायचे. आत्या भेटायला आली आणि फार बोलायला लागली, तर डोळे मिटायचे. ती म्हणायची, ‘बघ कसा झोपेचं सोंग करतोय.’ आणि ते एक डोळा उघडून बघायचे, गेली का ते.

‘ये’ म्हणायचं असलं की ते डावा हात वर करायचे. बोटं वळायची नाहीत, त्यामुळे पंजा सपाट दिसायचा, वाहतूक थांबवल्यासारखा. मलाही पहिले दोन दिवस तो ‘थांब’ वाटला होता. मग समजलं. मी स्वयंपाकघरात असले की हात वर. ये. मी आले की हात खाली. दिवसातून पंचवीस-तीस वेळा. आजाराच्या वहीत पहिल्या आठवड्यात मी लिहून ठेवलं आहे, ‘हात वर म्हणजे ये.’ बदलीवर नर्स आली तर तिला समजावं म्हणून; ती कधी आलीच नाही. ते पान फाडून यासोबत ठेवते. तारीख बघ, २९ एप्रिल. तुझ्या येण्याच्या आधीची आहे. तुझं मन राखायला आत्ता लिहिलेली नाही.

ते सव्वा तास तुला ये म्हणत होते.

हे कळून तुला बरं वाटेल की आणखी वाईट, याचा मी रात्रभर विचार केला. मला ठरवता आलं नाही. पण असं नको व्हायला, की ते काय म्हणाले हे तुला आयुष्यभर चुकीचं माहीत असावं. त्यापेक्षा माझा राग करत राहिलास तर चालेल.

कर्टनचं पत्रही सोबत आहे, पेन्सिलच्या ओळींसकट. नक्कल काढून ठेवलेली नाही. बाकीची फाइल इथे आहे, तीही तुझीच. येऊन ने किंवा सांग, पाठवते. मी घरी सहानंतर असते, रविवारी दिवसभर. बाबांची खोली आवरलेली नाही आणि तू सांगेपर्यंत आवरणार नाही. कधीच सांगितलं नाहीस तर तशीच राहील.

उद्या सोमवार. दुकानात जाताना हे टपालात टाकीन, नोंदवून, म्हणजे पोचल्याचं मला कळेल.

सकाळपासून कपडे साबणाच्या पाण्यात भिजत पडले आहेत. दुपारचे तीन वाजले. ते पिळून वाळत घालते.

तुझी,
ताई